आवडते गाणे : मनाचा आधार, समाजाचे बळ
(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात उपासक-उपासिकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या काळात विहारात ग्रंथवाचन होते, शील-समाधी-प्रज्ञेवर प्रवचने होतात. अशा वेळी आम्ही गाण्याचा विषय मांडायला उभे राहिलो याचे काहींना आश्चर्य वाटेल. गाणे म्हणजे करमणूक, जयंतीच्या मिरवणुकीतला जल्लोष, एवढीच त्याची ओळख अनेकांच्या मनात असते. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराला हात लावू दिला नाही, त्या समाजाने आपले दुःख, आपला इतिहास आणि आपला स्वाभिमान गाण्यातच जपून ठेवला. आजही घरात कुणी दगावले, नोकरी गेली, पोरीचा संसार मोडला की आपल्या ओठावर आधी गाणे येते. हे गाणे नेमके काय करते, किती करते आणि कुठे कमी पडते, याचा विचार आपण केला पाहिजे.

प्रथम एका शंकेचे निरसन करू. धम्मात गाण्याला जागा आहे का, असे तरुण मुले आम्हाला विचारतात. अष्टशीलात नृत्य, गीत, वाद्य आणि तमाशे पाहणे यांपासून विरत राहण्याचे शील आहे, हे खरे. चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना लांबलचक आळवणीच्या सुरात धम्म गाण्यास मनाई केली आणि तिचे पाच दोष सांगितले. गाणारा स्वतःच्या आवाजावर भाळतो, ऐकणारेही आवाजावरच भाळतात, गृहस्थ नावे ठेवतात, समाधी भंग पावते आणि पुढची पिढी तेच वळण गिरवते. पण त्याच ठिकाणी स्पष्ट, संयत स्वरात पठण करण्याची मोकळीकही दिलेली आहे. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिख वीणा वाजवून गातो, तेव्हा तारांचा सूर गळ्याच्या सुराशी आणि गळ्याचा तारांशी जुळला आहे, अशा अर्थाचे कौतुक तथागत करतात. आमच्या मते या दोन्ही गोष्टींचा अर्थ एकच. तथागतांचा आक्षेप सुरात हरवून जाण्याला आहे, सुराने जागे होण्याला नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा थेरीगाथा. त्र्याहत्तर कवितांच्या या संग्रहात भिक्खुणींनी आपली कहाणी आपल्याच तोंडाने गायिली आहे. जगातील स्त्रियांच्या अतिप्राचीन काव्यांत तिची गणना होते. त्यात मुत्ता आहे. उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा या तीन वाकड्या गोष्टींतून आपण मोकळ्या झालो, असे ती स्वच्छ सांगते. त्यात उब्बिरी आहे. जीवा नावाची तिची मुलगी गेली आणि ती स्मशानात आक्रोश करीत राहिली. याच स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळाल्या, त्यांतल्या कोणत्या जीवासाठी तू रडतेस, असे तिला विचारले गेले, आणि काळजात रुतलेला बाण उपटल्यासारखे तिला झाले. त्यात पटाचारेच्या शिष्या आहेत. पटाचारेने स्वतः पती, दोन मुलगे आणि माहेरचे सगळे गमावले होते. मुले गमावलेल्या इतर बायकांना सावरण्याचे सामर्थ्य तिच्यात आले ते त्याच दुःखातून. दुःख लपवायचे नाही, त्याला नाव द्यायचे, ते चारचौघींत मोठ्याने म्हणायचे आणि त्यातून उठायचे, हा थेरींचा मार्ग. पुढे जे काही आम्ही सांगणार आहोत त्याचे मूळ येथेच आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू.

आपल्या आज्या-पणज्यांना शाळा नव्हती, जाते होते. पहाटे दोघी जात्याच्या खुंट्याला हात घालून बसायच्या आणि घरघरीच्या तालावर ओवी यायची. दिवसभर सासू, नवरा, पाटील, सावकार यांच्यापुढे जे बोलता येत नसे ते त्या वेळी बोलले जाई. ऐकायला दुसरे कुणी नसे आणि असले तरी जात्याच्या आवाजात त्याला काय कळणार! हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरील आणि बुद्धावरील ओव्या आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायिलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण १९९६ साली झाले. या बायांनी बाबासाहेबांना नात्यात घेतले. कुणी भाऊ म्हटले, कुणी बाप म्हटले. पुढाऱ्यांच्या भाषणात बाबासाहेब नेते असतात, घटनाकार असतात. ओवीत ते घरचे माणूस होतात. ज्या बाईला माहेर उरले नाही तिला या ओवीने माहेर दिले. एकाकीपणावर याहून मोठे औषध आम्हाला माहीत नाही.

जात्यावरची ओवी घरातली. चावडीसमोर, मैदानात उभे राहून गाण्याचे काम आंबेडकरी जलशांनी केले. सत्यशोधकी जलशांची परंपरा आधीची होतीच. १९३० नंतरच्या काळात नाशिक जिल्ह्यातील कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलशाचा बाज तोच ठेवून आतला आशय पार बदलला. मेलेले जनावर ओढू नका, त्याचे मांस खाऊ नका, मुले शाळेत घाला, सभेला जा, हे सांगायला त्यांनी गाणे आणि संवाद वापरले. आपल्या दहा सभांच्या तोलाचा एक जलसा, असे बाबासाहेबांनी म्हटल्याचे सांगितले जाते. कर्डकांनी या सगळ्याची हकिगत ‘आंबेडकरी जलसे’ या विषयावरील आपल्या पुस्तकात १९७८ साली लिहून ठेवली, हे त्यांचे उपकार आहेत. विचार करा, दिवसभर वेठबिगारी करून आलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात जलसा पाहतो. त्याच्यासारखाच एक फाटका माणूस ताठ मानेने उभा राहून गातो आहे, हे त्याला दिसते. अर्थ कळण्याआधी त्याला ती ताठ मान दिसते. घरी जाताना गाणे त्याच्या तोंडात असते आणि मानही थोडी वर आलेली असते. सबलीकरण हा शब्द आज सरकारी कागदोपत्री फार येतो. त्याची सुरुवात आपल्याकडे अशी झाली.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव लोककवी वामनदादा कर्डक यांचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. पोटासाठी मुंबईला आले, मिळेल ते काम केले. तिथे एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही याची त्यांना विलक्षण लाज वाटली. मग मोठ्या वयात ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे शिकले. १९४३ पासून गाणी रचू लागले आणि १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत हजारो गाणी त्यांनी या समाजाला दिली. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘माझ्या जीवनाचं गाणं’. संसार मोडला, पोटची लेक लहानपणीच गेली. अशा माणसाने खेडोपाडी पायपीट करून लोकांना हिंमत दिली. गाण्याने त्यांचे दुःख नाहीसे केले असे आम्ही म्हणणार नाही. गाण्याने त्यांच्या दुःखाला काम दिले. मनाला आलेल्या खिन्नतेवर काम हाच उतारा असतो, हे आपल्यातल्या कष्टकऱ्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

६ डिसेंबर १९५६ नंतर तर गाणेच आपला आधार झाले. १४ ऑक्टोबरला नागपूरला नवा जन्म झाला आणि दोन महिने व्हायच्या आत बाप गेला. त्या आघातात लाखो लोक पोरके झाले. पुढची कित्येक वर्षे गायन पार्ट्यांनी, कव्वालीच्या सामन्यांनी, भीमशाहिरांनी आधी रडायला आणि मग उठायला शिकवले. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली. चैत्यभूमीहून आणि दीक्षाभूमीहून परतणारा माणूस पुस्तकांबरोबर दोन कॅसेट आणल्याशिवाय राहत नसे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज असा झोपडीझोपडीत पोचला.

हे सगळे जुन्या काळापुरते आहे काय? छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, कडुबाई खरात यांचे उदाहरण पाहा. पतीच्या निधनानंतर हातात एकतारी घेऊन, दारोदारी भीमगीते गाऊन त्यांनी मुले वाढवली. पुढे मोबाईलवरच्या चित्रफितीतून त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला आणि मोठमोठ्या व्यासपीठांवरून त्यांना बोलावणी येऊ लागली. दारोदार हिंडण्याच्या त्या दिवसांतही लोकांना बाबासाहेब ऐकवणारी बाई, हीच त्यांची ओळख होती. गाण्याने भाकर दिली आणि मानही दिला.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेत गोऱ्यांच्या जुलमाविरुद्ध लढणाऱ्या काळ्या बांधवांची हीच कहाणी. त्यांच्या नागरी हक्क चळवळीचे जे गाणे जगभर गेले, ज्याचे हिंदी रूप आपल्या शाळांतून मुले म्हणतात, त्याला एक कडवे कसे जोडले गेले ते ऐका. १९५९ साली टेनेसी राज्यातील हायलँडर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरावर पोलिसांनी रात्री धाड घातली, दिवे घालवले. अंधारात बसलेल्या मुलांनी गाणे सुरू केले आणि आम्ही भीत नाही अशा अर्थाचे नवे कडवे तिथल्या तिथे जोडले. त्यांतील जमिला जोन्स ही शाळकरी मुलगी पुढे मोठेपणी सांगत असे की, ते गाणे ऐकून हत्यारबंद माणूसच थरथरत होता आणि इतक्या मोठ्याने गायलाच हवे का, असे विचारीत होता. त्या क्षणी आपल्या हातातही बळ आहे हे तिला कळले.

गाण्याने मनाला उभारी का येते? आम्ही वैद्यकशास्त्राचे जाणकार नाही, पण चार गोष्टी अनुभवाने पटलेल्या आहेत. पहिली, श्वास. रडून रडून छाती भरून आलेली असते. गाताना श्वास लांबवावा लागतो, ओळ संपेपर्यंत धरावा लागतो. आनापानसतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे लगेच कळेल. दुसरी, शब्द. आपल्याला जे सांगता येत नाही ते कवीने आधीच सांगून ठेवलेले असते. तिसरी, आठवण. आवडत्या गाण्यात ते पहिल्यांदा ऐकलेले दिवस, शिकवणारी आई, सोबतच्या मैत्रिणी असतात, आणि ते म्हटले की ती सारी माणसे जवळ येतात. चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट, संगत. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी प्रौढांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांची तुलना केली. ओळखपाळख नसलेल्या माणसांत आपलेपणा सर्वांत लवकर निर्माण झाला तो गाण्याच्या वर्गांत. नैराश्याच्या रुग्णांवरील अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०१७ साली घेतला गेला. नेहमीच्या उपचारांना संगीतोपचाराची जोड दिली तर निदान अल्पकाळ तरी लक्षणे कमी होतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. ‘जोड’ या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे.

आमच्या वस्तीतला एक अनुभव सांगतो. एका बाईचा कर्ता मुलगा अपघातात गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, पण ती बोलेना, जेवेना. महिला शाखेच्या चौघीजणी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसू लागल्या. समजावणे नाही, उपदेश नाही. तांदूळ निवडता निवडता जुनी गाणी म्हणायच्या. आठ-दहा दिवसांनी एका गाण्यात एकीची ओळ चुकली. ती बाई एकदम म्हणाली, “तसं नाही गं, असं आहे ते,” आणि तिने बरोबर ओळ म्हणून दाखवली. मग ती खूप रडली, आणि त्या संध्याकाळी दोन घास जेवली. मुलगा परत आला नाही, येणारही नाही. पण त्या घरात पुन्हा चूल पेटू लागली.

आता गाणे कुठे कमी पडते तेही स्पष्ट बोलले पाहिजे. नाहीतर आम्ही तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला. दहा माणसे गेली. हजारोंना आपल्या गाण्याने हिंमत देणारे लोकशाहीर विलास घोगरे हे सहन करू शकले नाहीत आणि काही दिवसांतच त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाची सुरुवात याच घटनेपासून होते. यातून आम्ही दोन धडे घेतो. एक, गाणे हा न्यायाला पर्याय नाही. अन्याय तसाच ठेवून गाण्याने मन शांत करायचे, असे जर कुणी सांगत असेल तर ती अफूची गोळी आहे. दुसरा, जो इतरांना हसवतो, रडवतो, उठवतो, त्यालाही कुणीतरी विचारले पाहिजे की, दादा, तुमचे कसे चालले आहे?

म्हणून एक निकडीची गोष्ट. कुणाला आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगणे नको वाटत असेल, तर त्याला केवळ गाणी ऐक म्हणून सांगू नका. त्याला एकटे सोडू नका आणि डॉक्टरकडे घेऊन जा. सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा अशी आमची विनंती आहे. मनाचा आजार हा कमकुवतपणा नाही आणि त्यासाठी औषध घेणे ही लाजेची बाब नाही. तथागतांना वैद्याची उपमा देणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत.

आणखी एक गोष्ट काहींना कडू लागेल. आज जयंतीच्या मिरवणुकीत गाणे असते, पण गाणारा नसतो. ट्रकवर भिंतीएवढे भोंगे असतात, छाती धडधडते, शब्द कुणालाच ऐकू येत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मिरवणुकीतला आवाज त्याच्या कितीतरी पलीकडे जातो. वस्तीतल्या तान्ह्या बाळांना, हृदयविकाराच्या रुग्णांना आणि अभ्यासाला बसलेल्या मुलांना त्याचा काय त्रास होतो हे आपण जाणता. तरुणांच्या आनंदावर आमचा राग नाही. वर्षभर मान खाली घालून काम करणाऱ्याने एक दिवस रस्ता दणाणून सोडावा असे त्याला का वाटते, हे आम्हाला कळते. पण जे गाणे आपल्या तोंडात नाही ते अडचणीच्या वेळी कामाला येत नाही. ट्रक निघून जातो. दवाखान्याच्या बाकावर रात्री एकट्याने बसलेल्या माणसाजवळ ट्रक नसतो. तिथे स्वतःला पाठ असलेलेच गाणे सोबत करते.

तेव्हा या वर्षावासात काही छोटे संकल्प करू या. प्रत्येक घरात एक वही असावी आणि त्यात घरातल्या प्रत्येकाने आपले आवडते गाणे स्वतःच्या हाताने लिहावे. कवीचे नाव माहीत असेल तर ते अवश्य लिहावे, कारण आपल्या कितीतरी कवींची गाणी त्यांच्या नावाशिवाय फिरत आहेत. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या नातवंडांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. आजी आहे तोवरच हे काम होईल. दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास भोंग्याविना, नुसत्या ढोलकी-पेटीवर सर्वांनी मिळून गावे, आणि ज्याला सूर नाही त्यालाही बरोबर घ्यावे. ज्या घरात दुःख झाले असेल तिथे महिला शाखेने महिनाभर जात राहावे. आणि आपल्या भागातल्या वृद्ध शाहिराला शाल-श्रीफळ देऊन थांबू नये, त्याच्या औषधपाण्याचे पाहावे.

अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्खूची कथा आहे. पूर्वी तो वीणा वाजवीत असे. अति परिश्रमाने तो खचला, तेव्हा तथागतांनी त्याला विचारले की, तार फार ताणली तर सूर निघतो का? फार सैल ठेवली तर निघतो का? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला. आपल्या मनाचेही तसेच आहे. दुःखाने ते अति ताणले जाते, निराशेने सैल पडते. आवडते गाणे ही तार पुन्हा जुळवायला मदत करते. तार जुळल्यावर शिकण्याचे, संघटित होण्याचे आणि संघर्षाचे काम मात्र आपल्यालाच करायचे आहे.



भवतु सब्ब मंगलं! जय भीम! जय भारत!